सतरा नंबरचा लाल ठिपका

प्रिय ठमे,

चाळिशीला टेकलेल्या बाईला कोणी ठमी म्हणतं का, असं म्हणून तू नाक मुरडशील, ते मला इथून दिसतंय. मुरड खुशाल. पाकिटावर तुझं नाव आडनावासकट नीट लिहिलंय, आतमध्ये काय म्हणायचं ते माझं मी ठरवीन. आणि पत्र कशाला, फोन काय मेला होता का, असंही म्हणशील. अगं, फोनवर तू तीनच गोष्टी बोलतेस. 'हं', 'बरं' आणि 'देते हिच्याकडे'. मग नातबाई येतात आणि त्यांच्या मांजराचं, हलणाऱ्या दाताचं पुराण ऐकण्यात माझा रविवार सरतो. त्याची तक्रार नाही. पण मला जे सांगायचंय ते 'हं' आणि 'बरं' यांच्या मधल्या फटीत मावणार नाही.

शिवाय फोनवर मी पळ काढला असता. सत्तावीस वर्षं काढतेच आहे. कागदावर लिहून पेटीत टाकलं की परत घेता येत नाही, म्हणून पत्र. हे वाचून तू माझ्याशी बोलणं सोडशील अशी मला धास्ती आहे, ती आधीच सांगून टाकते. तुझा तो रविवारचा तुटपुंजा फोनसुद्धा मग यायचा नाही. बंद केलास तर कर, असं मोठ्या मनाने लिहावं म्हणून दोनदा पेन टेकवलं, पण नाही लिहवत. नको गं बंद करूस. विषय कुठला ते तुला एव्हाना कळलं असेल. आपल्या दोघींत न बोललेला विषय एकच आहे. भिंगरी.

आधी इकडची बातमी सांगते, म्हणजे हात जरा सैल होईल. परवा शाळेचं वर्ष संपलं आणि माझी नोकरीही. निकालपत्रं वाटली, पोरं किंचाळत पळाली, आणि मी कपाट आवरायला बसले. छत्तीस वर्षांचं कपाट! त्यातून निघालं काय, तर अकरा पट्ट्या, मूठभर पेनांची टोपणं, एकाच पायाचा मोजा, आणि कुणा भामट्याकडून कधीतरी जप्त केलेली शिट्टी. दार लावून घेतलं आणि वाजवून बघितली. वाजते अजून. नातबाईंसाठी ठेवली आहे, तुला वैताग होईल हे माहीत असूनही.

मग निरोपसमारंभ झाला. आताचे मुख्याध्यापक म्हणजे माझाच विद्यार्थी, तुझ्या दोन वर्षं पुढे होता. त्याचं नाक पुसता पुसता माझे रुमाल संपायचे, आणि आता चष्म्यातून बघत मला 'आदरणीय' म्हणतो. भाषणात म्हणाला, बाईंचा हजेरीपट म्हणजे आरसा, छत्तीस वर्षांत एक खाडाखोड कोणी दाखवावी. टाळ्या पडल्या. मी हात जोडले आणि मटकन खाली बसले. लोकांना वाटलं बाई गहिवरल्या. शेजारच्या शिक्षिकेने लगेच पाण्याचा ग्लास पुढे केला. कसली गहिवरतेय, माझ्या डोळ्यांसमोर एका जुन्या पटाचं एकच पान होतं.

त्याच सकाळी मी शेवटची हजेरी घेतली होती. एक ते सोळा सुरळीत झाले. सतरा म्हटलं आणि थांबले. यंदाची सतरा नंबरची मुलगी समोर उभी होती, दोन वेण्या, पुढचा दात पडलेला, तिचे ओठ हललेले मला दिसले. पण कानांना ऐकू आला तो दुसराच आवाज. जरासा चिरका, मुद्दाम बारीक केलेला. 'हजर, बाई.' नवीन नाही ते. सत्तावीस वर्षं शाळेच्या प्रत्येक दिवशी सतरा नंबरला तोच आवाज येतो. वर्ग बदलले, भिंतींचे रंग बदलले, बाकं लाकडाची होती ती लोखंडी पायांची आली, आवाज काही वयाने वाढला नाही. मी तेवढ्या एका नंबरला मान वर करते, डोळे फाडून बघते, आणि मूल खरंच दिसलं की मगच पुढे जाते. पोरांना हे ठाऊक झालं होतं. सतरा नंबर मिळाला की बाई टक लावून बघतात, म्हणून घाबरायची बिचारी. माझ्यामागे मला काय काय म्हणत असतील कोण जाणे.

तुला त्या वेळच्या हजेरीची पद्धत आठवतेय ना? आठवत असली तरी लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. नंबरवार जागा ठरलेल्या, कोणी हलायचं नाही. मी वर्गात शिरले की बोलण्याआधी एकदा सगळ्या बाकांवरून नजर फिरवायची, आणि जी जागा रिकामी दिसेल त्या नंबरापुढे लाल पेनाने ठिपका द्यायचा. मग नंबर पुकारायचे, आणि उत्तर येईल त्याच्यापुढे निळी तिरकी रेघ. डोळ्यांनी एकदा, कानांनी एकदा. दोनदा तपासलं की चूक होत नाही, असा माझा तोरा होता. पहिला तास संपला की लाल ठिपक्यांची चिठ्ठी ऑफिसात जायची, आणि ती घेऊन सायकलमामा निघायचे. आपले शिपाई गं, त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या घरून निरोप आला नसेल त्या घरी जाऊन मूल का आलं नाही ते विचारून यायचं, हे त्यांचं रोजचं काम. पावणेअकराला त्यांची सायकल फाटकातून बाहेर पडायची, घड्याळ लावून घ्यावं अशी.

आणि त्या वर्गात तू होतीस, अठरा नंबरला. तुला माझ्याच वर्गात घालू नका असं मी सांगून बघितलं होतं, पण चौथीची तुकडीच एक. मग मी घरी तुला बसवून नियम सांगितले. फाटकाच्या आत मी बाई. तू हाक मारलीस तरी मी आईसारखी वळून बघणार नाही. एकदा गणित सोडवताना तुझ्या तोंडून चुकून 'आई' निघालं आणि सगळा वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, इथे कोणाची आई नाही, खाली बस. तुझे कान लालबुंद झाले होते. बाईंच्या मुलीला सूट मिळते असं कोणी म्हणू नये म्हणून मी तुला सगळ्यांपेक्षा जास्तच ताणलं. आता वाटतं, कोण म्हणणार होतं? आणि म्हटलं असतं तर काय बिघडणार होतं?

तुझ्या शेजारी भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ. पाय हलतोय, वेणीचं टोक तोंडात, फळ्याकडे बघता बघता गर्रकन मागे वळून कुणाला तरी वेडावून दाखवणार. भिंगरी हे नाव तूच ठेवलंस ना? तिच्या आईनेही पुढे तेच उचललं. तिची आई शिवणकाम करायची, शाळेचे गणवेश तिच्याकडेच शिवायला असायचे. शिवून झालेले कपडे सकाळी घरोघर पोचवायचं काम भिंगरीचं, म्हणून तिला उशीर व्हायचा. आणि माझा नियम होता, महिन्यात तीन उशीर झाले की पालकांना चिठ्ठी आणि दिवसभर उभं. मुख्याध्यापकांचा नव्हे, शाळेचा नव्हे, माझा. त्या महिन्यात तिचे दोन उशीर झाले होते. म्हणून तुम्ही दोघींनी आपापसात ठरवलं की तिला पोचायला वेळ लागला तर तू तिचा नंबर द्यायचा, म्हणजे तिच्या जागी 'हजर' म्हणायचं. दहा वर्षांच्या मुलींनी करावं तेच तुम्ही केलंत. मी तुमच्या वयाची असते तर मीही केलं असतं.

ज्या दिवशी तू तिचा नंबर दिलास त्याच्या आदल्या दिवशीचं एक तुला आठवतं का, मला माहीत नाही. तुम्ही तिघी-चौघी खिडकीबाहेर बघत होतात, आणि मी वर्गाबाहेर काढलं ते फक्त तुला. तू व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. तुझ्या फ्रॉकचा पट्टा मागून सुटला होता, लोंबत होता, आणि मी तो बांधायला बाहेर आले नाही. संध्याकाळी तू जेवली नाहीस. बाबांनी समजूत काढली तर त्यांना म्हणालीस, मी बाईंवर रागावलेय, आईवर नाही. बाबा मला हसत हसत सांगायला आले. मीही हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. हे मी बाबांनाही कधी सांगितलं नाही. आज लिहिते आहे कारण पुढच्या सकाळशी त्याचा संबंध आहे.

पुढची सकाळ. सतरा पुकारलं, 'हजर, बाई' आलं, अठरा पुकारलं, पुन्हा 'हजर, बाई' आलं. लाल ठिपक्यांची चिठ्ठी गेली, तिच्यावर दोनच नंबर होते, दोघंही बाजाराच्या बाजूला राहणारे. सायकलमामा तिकडे गेले. भिंगरीचं घर उलट्या अंगाला, जुन्या दगडाच्या खाणीपलीकडे. मोठ्या रस्त्याने यायला अर्धा तास, खाणीच्या कडेने पंधरा मिनिटं. त्या कडेने जायचं नाही असं सगळ्यांना बजावलेलं होतं. पण तिसरा उशीर होता ना.

दिवसभर शाळा भरली. मी भूगोल शिकवला, कविता पाठ करून घेतली, मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कुठल्याशा विनोदावर हसलेसुद्धा. शाळा सुटल्यावर तासाभराने तिची आई गळ्यात मापाची टेप तशीच अडकवलेली अशी धावत आली. मुलगी घरी आली नाही म्हणाली. मी हजेरीपट उघडून दाखवला, की अहो, ती तर दिवसभर इथे होती. त्यामुळे आम्ही सगळे शाळेकडून बाजाराकडे शोधत गेलो, शाळा सुटल्यानंतर ती कुठे गेली असेल ते. आणखी एक तास त्यात गेला. शेवटी दिवेलागणीला सायकलमामांनी आपणहून सायकल खाणीकडे वळवली. कडेच्या मातीवर घसरल्याची खूण होती, आणि खाली, मधल्या टप्प्यावर, ती होती. दप्तर पाठीलाच. डॉक्टर म्हणाले, दुपारी दोन-अडीचपर्यंत तरी जीव होता. ते हळू आवाजात म्हणाले होते, पण तू ते ऐकलंस. तू बाबांच्या मागे उभी होतीस, तुला घरी न्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सायकलमामांनी त्यानंतर सायकलवर पाय ठेवला नाही, शेवटपर्यंत चालत कामं केली.

दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या खोलीत मला विचारलं गेलं. भिंगरीची आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. मी सांगितलं, मी खाली पटात बघत होते, आवाज आला, मी रेघ ओढली, नंतर त्या जागेकडे लक्षच गेलं नाही. तेवढ्यात दार ढकलून तू आत आलीस. तुला कोणी बोलावलं नव्हतं, तुझ्यावर कोणाला संशयही नव्हता. तू सरळ उभी राहून म्हणालीस की तिचा नंबर मी दिला. एवढं खरं, एवढ्या सरळ, त्या खोलीत त्या दिवशी दुसरं कोणी बोललं नाही. आणि मी उठले आणि तुझ्या कानशिलात लगावली. सगळ्यांदेखत. चार बोटं उठली तुझ्या गालावर. बाईंना फसवलंस, बाईंना, असं काहीतरी मी ओरडत होते. तू रडली नाहीस. माझ्याकडे बघत राहिलीस, आणि मग मान खाली घातलीस. ती अजून वर केली नाहीस.

सगळं गाव म्हणालं, बाईंचा काय दोष, पोरींनी फसवलं. मला सहानुभूती मिळाली, तुला दुसऱ्या शाळेत घातलं. तिथल्या शिक्षिका सांगायच्या, मुलगी हुशार आहे पण हजेरीला बोलत नाही, नुसता हात वर करते. घरातही तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाक मारायचं सोडलंस. काही हवं असलं की जवळ येऊन उभी राहायचीस. मी वळले की एकदम दचकायचे. तुझी हाक ऐकायला घर आसुसलं होतं, आणि तुझा तो एक आवाज तेवढा शाळेत रोज मला गाठत होता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. पण धडधाकट जिवंत पोरीचं दहा वर्षांचं भूत मी सत्तावीस वर्षं बघते आहे, आणि घरी तीच पोर माझ्यासमोर बसून मुकाट्याने जेवायची.

तू एकदाच बोललीस. नातबाई पोटात होत्या, सातवा महिना असेल. तू पलंगावर पडली होतीस आणि छताकडे बघत म्हणालीस, आई, माझ्यामुळे एक मूल गेलंय, मला हे सांभाळता येईल का? ठमे, ती वेळ होती. देवानं ताटात वाढून दिलेली वेळ होती. आणि मी काय केलं, तर तुझी उशी सारखी केली आणि म्हटलं, असलं काही मनात आणू नये. मग दूध गरम करायला गेले. या एका गोष्टीसाठी मला स्वतःचा जितका तिटकारा येतो तितका त्या थपडेसाठीही येत नाही.

तीन रविवारांपूर्वी नातबाईंनी फोनवर मला विचारलं, आजी, आई अशी का करते गं? म्हणजे कशी, तर रोज सव्वादहाला शाळेत फोन करते. मुलगी आली का एवढंच नाही, तर बाईंनी तिला डोळ्यांनी बघितलं का, नुसता आवाज तर ऐकला नाही ना, असं विचारते. ऑफिसातल्या काकू हसतात. वर्गातली मुलं नातबाईंना चिडवतात. मैत्रिणीबरोबर चालत जाते म्हटलं तर आई पांढरीफटक पडते आणि मग न्हाणीघरात जाऊन बसते. तुला माहीत आहे का आजी, ती कशाला घाबरते? मी म्हणाले, नाही बाळा, मला नाही माहीत. दहा वर्षांच्या पोरीशी मी खोटं बोलले. पुन्हा एकदा दहा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत मी खोटं बोलले.

त्यानंतर दोन दिवसांनी ऑफिसातल्या कारकूनबाई विचारायला आल्या, की जुने हजेरीपट नष्ट करायचेत, बाईंना आठवण म्हणून एखादा हवा का. मी कुठलं वर्ष ते सांगितलं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांनाही ती गोष्ट ऐकून माहीत होती. तरी काढून दिला. वर्गात बसून उघडला. पान शोधावं लागलं नाही, तिथेच उघडला गेला. त्या पानाचा तुकडा कापून सोबत पाठवते आहे. सतरा नंबरची ओळ उजेडाकडे धरून बघ. खिडकीशी जा, भिंग असेल तर घे. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी हा पट बघितला होता, चौकशीला आलेल्या साहेबांनी बघितला होता, कोणाला दिसलं नाही, कारण कोणी शोधतच नव्हतं. खाडाखोड नाही म्हणे माझ्या पटात.

काल मी भिंगरीच्या आईकडे गेले. ती अजून तिथेच असते, तेच मशीन, आता मोटर बसवली आहे. दर वर्षी शाळा सुरू होताना गणवेशांच्या निमित्ताने आमची गाठ पडायची, आणि दर वर्षी ती मलाच समजवायची, की बाई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुम्हाला काय ठाऊक. तुझं नाव कधी घ्यायची नाही, पण तुझा विषय निघाला की तिचे ओठ घट्ट मिटायचे. मी ते बघायचे आणि चहा पिऊन उठायचे. काल तिला पान दाखवलं आणि जे मुख्याध्यापकांच्या खोलीत सांगायला हवं होतं ते सांगितलं. ती एक जुनी शिवण उसवत होती. दोरा ओढता ओढता थांबली. एवढंच विचारलं, की सायकल किती वाजता निघायची. मी म्हटलं, पावणेअकरा. तिने बोटांवर मोजलं, अकरा, बारा, एक, दोन. मग पुन्हा एकदा मोजलं. मग म्हणाली, तुमच्या पोरीला हे ठाऊक आहे? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग माझ्याकडे काय आलात, माझी तर गेली, तुमची जिवंत आहे, उठा. मी पायरी उतरून गल्लीच्या टोकाला पोचले तरी मशीन सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

म्हणून हे पत्र, ठमे. त्या कागदावर निळ्या रेघेच्या पोटात एक लाल ठिपका आहे. निळी रेघ आधीची नाही, लाल ठिपका आधीचा आहे. मी वर्गात आले, नजर फिरवली, सतरा नंबरची जागा रिकामी दिसली आणि मी ठिपका दिला. मग नंबर पुकारला आणि तू तुझा आवाज बारीक करून 'हजर, बाई' म्हणालीस. मी खाली बघत नव्हते. मी तुझ्याकडेच बघत होते. तू वहीआड तोंड लपवलं होतंस आणि तुझा कान लाल झाला होता. आता तुला उभं करायचं, शिक्षा करायची, आणि तू पुन्हा त्या भिंतीकडे तोंड करून उभी राहणार, तो पट्टा लोंबणार, हे माझ्या जिवावर आलं. एक दिवस, म्हटलं, एकच दिवस आई होऊ. आणि मी ठिपक्यावरून रेघ ओढली. येईल उशिरा, नाहीतर घरीच राहिली असेल, असं म्हणत दिवसभर त्या रिकाम्या जागेकडे बघायचं टाळलं, आणि संध्याकाळी तिच्या आईपुढे पट उघडला तोही खोटा आहे हे माहीत असून. तू मला फसवलं नाहीस. त्या सकाळी भिंगरी वर्गात नाही हे ज्या मोठ्या माणसाला माहीत होतं, ज्याच्या हातात चिठ्ठी होती आणि सायकल पाठवणं होतं, ते माणूस मी होते. तू दहा वर्षांची होतीस, मैत्रिणीला सांभाळत होतीस. यापुढे सव्वादहाला शाळेत फोन करू नकोस, करायचाच तर मला कर, आणि हवं ते बोल, वाटेल तेवढं ओरड, पण एकदा मोठ्याने बोल. आणि एक सांग मला. तू खोकलीस तरी मी झोपेतून उठायचे, शंभर पोरांच्या गलक्यात तुझं हसणं मला वेगळं ऐकू यायचं. माझ्या पोरीचा आवाज मला ओळखू आला नाही, यावर तू इतकी वर्षं विश्वास ठेवलास तरी कसा गं?

तुझीच,
त्या एका सकाळी बाई असायला हवी होती ती,
आई